राहीबाईच्या रक्तातला आवाज

एकाहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. नगरजवळच्या एका मिशन दवाखान्यात कृपा रक्त तपासायचं काम करी. त्या दुपारी ती नेहमीसारखी राहीबाईचं रक्त घ्यायला वॉर्डात गेली. राहीबाई कर्जतकडची, पाच महिन्यांची गरोदर. तिला रक्ताचा कॅन्सर होता. बाळंतपणापर्यंत ती टिकणार नाही, हे कृपाला ठाऊक होतं.

सकाळीच जॉर्ज डॉक्टर प्रयोगशाळेत म्हणाले होते, "या पांढऱ्या पेशींना आतून हुकूम मिळतोय, वाढा म्हणून. तो हुकूमच गप्प करता आला पाहिजे. पण तसलं औषध अजून निघालेलं नाही."

सुई टोचताना राहीबाई कुजबुजली, "बाई, माज्या आंगात कुनीतरी बोलतंय..."

"काय बोलतंय?"

"आनखी... आनखी... थांबतच न्हाई."

कृपाच्या अंगावर काटा आला. डॉक्टरांचं ते बोलणं तिच्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

परत येऊन तिने काचेवर रक्ताचा थेंब पसरला, रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाहेर ऊन रणरणत होतं. पान हलत नव्हतं. स्पिरिटच्या वासात आज गंजल्या लोखंडाचा वास मिसळला होता. भिंगाखाली जांभळ्या पेशींची दाटी... आणि अगदी कानाशी, हलकेच, "आनखी... आनखी..."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने कान दाबून धरले. आवाज वाढला, हजार तोंडांनी एकदम बोलल्यासारखा. प्रार्थनेचे शब्दही आठवेनात. शेवटी ती जिवाच्या आकांताने ओरडली, "गप्प! सगळे गप्प!"

आवाज थांबला. पण बाहेरचे कावळेही थांबले. नळाचा थेंब पडताना दिसत होता, ऐकू येत नव्हता. कान मोकळे व्हायला घटकाभर लागली.

आठ दिवसांनी राहीबाईचं रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी तीनतीनदा तपासलं. तिचा नवरा मच्छिंद्र सगळ्यांच्या पाया पडून तिला घरी घेऊन गेला.

दिवाळीच्या आधी ती दोघं बाळ घेऊन आली. गुटगुटीत मुलगी.

"रडती, पर आवाज न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

पोर तेव्हाही रडत होती. तोंड वासलेलं, गाल लाल, डोळ्यांना धारा... आणि खोली चिडीचूप.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. सरकवली. पुन्हा सरकवली. मग स्वतःच्या छातीला लावून पाहिली. "कृपा," ते हळूच म्हणाले, "जरा तुम्ही ऐका..."

कृपाने ऐकलं. "सगळे गप्प!" म्हणून ती ओरडली, तेव्हा ही पोर राहीबाईच्या पोटात होती. त्या इवल्या छातीत काहीच वाजत नव्हतं. तिच्या बोटांखाली पोरीच्या मनगटातली नाडी मात्र टणाटण उडत होती.