चौथं लॉक

"आज क्रॉस उघडायचे," अण्णा जेवता जेवता म्हणाले, आणि तिच्या हातातला आईच्या औषधाचा चमचा पेल्यावर खणकन आपटला!

बारा वर्षांत वडील तिच्याशी आपणहून बोलले ते हे पहिलं वाक्य... आणि नेमकं हेच असावं!

"मी करते ना एकटी," ती घाईघाईनं म्हणाली. "तुम्ही आईजवळ बसा. तुमचे हात..."

"हात थरथरतात, डोकं नाही थरथरत!" अण्णा कडाडले. "मागच्या वेळी केलं होतंस की एकटीनं. त्याचीच फळं भोगतोय आम्ही! तू फक्त धरायचं."

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. कमरेखाली निर्जीव, हातांतही जेमतेम बळ उरलेला तो देह बारा वर्षं लेकीच्याच हातून जेवत होता. घास आला की आई तोंड उघडायची, मन मात्र कधीच नाही. आता डॉक्टरांनी बोटांवर मोजण्याइतके दिवस सांगितले होते, आणि आईनं एकच मागणं मागितलं होतं... एकदा म्हातारीतून नदीपर्यंत जाऊन यायचं.

म्हातारी म्हणजे अण्णांची गोल दिव्यांची जुनी गाडी. लग्नानंतर घेतलेली, जिला पाहून आई लटक्या रागानं म्हणायची, "सवत आणलीत ती आणलीत, वर माझ्याहून गोरी!" अपघातानंतर म्हातारी शेडमध्ये कुलपात पडली. किल्ली अण्णांच्या खिशात. अण्णांनी हळूहळू तिचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, रंगही दिला. पण पोत्यात गुंडाळलेल्या शाफ्टला हात लावायला मात्र ते धजले नव्हते.

इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारा हा लांब दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी अधिकचिन्हासारखा एकेक क्रॉस. क्रॉसच्या चार हातांवर चार कप, आणि कप बाहेर निसटू नये म्हणून प्रत्येकावर तारेच्या उघड्या कडीसारखं एक लॉक. त्या दिवशी पुढच्या क्रॉसचा एक कप उतारावर निसटला, शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुतला, आणि मागच्या सीटवर बसलेली आई... देवा!

"अण्णा, तुम्ही बसवलेला क्रॉस मी रात्रीतून पुन्हा उघडला होता. चारही कप. घट्ट वाटला म्हणून." दवाखान्याच्या दारात ती असं म्हणाली होती, आणि तेवढ्याशा बोलण्यात तिनं आपलं अख्खं आयुष्य पुरलं होतं. दहा वर्षांची असल्यापासून अण्णांनी मागायच्या आधीच त्यांच्या हातात चौदा नंबरचा पाना ठेवणारी ती, त्यांची लाडकी 'चौदी', त्या दिवसानंतर पान्याला शिवली नाही.

आणि आज पोतं सुटलं!

मागचा क्रॉस झिजून खिळखिळा झाला होता, तो तिनं झटकन काढला. पुढच्याकडे तिचा हात जाण्याआधीच अण्णांनी त्यावर रॉकेलचा बोळा फिरवला. बारा वर्षांचा काळा थर विरघळू लागला... आणि खालून लाल रेघ वर आली.

काम पुरं झालं की कपापासून तो ज्यात बसतो त्या जॉइंटच्या कानापर्यंत रंगाची रेघ ओढायची, ही अण्णांची सही. कप उघडला की रेघ तुटायलाच हवी.

एक कप. दुसरा. तिसरा. एकही रेघ तुटलेली नव्हती.

"चारही उघडले होतेस ना तू?" अण्णांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला.

"मी... मी परत ओढली रेघ."

"खोटं तरी नीट बोल गं पोरी! ही वाकडी आहे. माझ्या हाताला तेव्हाच कंप सुटला होता... फक्त तुला ठाऊक होतं ते." ते धाप टाकत खाली बसले. "चौथं लॉक?"

तिनं गळ्यातला दोरा ओढला. त्यात तारेची एक उघडी कडी होती. अपघाताच्या संध्याकाळी अण्णांच्या कामाच्या बाकावरच्या फडक्याखाली सापडलेली. कधी न बसवलेली!

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही जगला असतात का, अण्णा?"

अण्णांनी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "मी मोडलं तिला! आणि शिक्षा तुला... आत्ता सांगतो तिला, आत्ता!"

ती दारात आडवी उभी राहिली. "नाही! तिला आता तुमच्याशिवाय आहे कोण? तुमच्यावर भरवसा ठेवून जाऊ दे तिला. माझ्यावर बारा वर्षं रागावलीच आहे, अजून चार दिवस रागावेल. मला सवय आहे, अण्णा."

त्या शब्दांनी म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देत राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, "चौदे... नवे क्रॉस घे."

मागचा झाल्यावर तिनं पुढच्या क्रॉसच्या कपांच्या आत ग्रीस भरलं, क्रॉस सहज फिरावा म्हणून त्यातल्या तांदळाच्या दाण्यांएवढ्या सुया एकेक उभ्या केल्या, कप दाबले, लॉक बसवली. अण्णा मोजत होते, "एक... दोन... तीन..." "चार" मात्र तिनं म्हटलं. क्रॉस एका बोटानं अलगद हलत होता. लाल रेघही आज तिनंच ओढली. सरळ.

आईला पुढच्या सीटवर उशांच्या आधारानं बसवलं. अण्णा मागे. गाडी चालवायला तीच. उताराच्या तोंडाशी आई एकदम ताठरली.

"या वेळी तरी नीट बसवलंय ना?" आईचा कोरडा, कडू टोमणा.

मागून अण्णांचा आवाज आला, "नीटच असणार. या वेळी तिनं बसवलंय."

म्हातारी उतारावरून इतकी अलगद उतरत होती, की तिघांचे श्वास ऐकू येत होते.

"या वेळी?" आई पुटपुटली. आरशात अण्णांची मान खाली गेलेली होती. आई त्या आरशाकडे बघत राहिली... कितीतरी वेळ.

मग गिअरवरच्या लेकीच्या ग्रीसनं माखलेल्या हातावर एक थंडगार, हाडकुळा हात येऊन टेकला. बारा वर्षांनी!

"हळू चालव गं बाळ," आई म्हणाली. "नदी लवकर येईल."