बत्तिसावा सेकंद

अनुयाला वीस माणसं हवी होती, आणि हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या इमारतीत वीस धड माणसं नाहीत, असं तिचं आता ठाम मत झालं होतं. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. संगीत एकच, श्रोते वेगवेगळे, कोणाला काय वाटतं ते नोंदवायचं. संध्याकाळी पाचपर्यंत वीस व्हिडिओ आणि वीस फॉर्म मॅडमना गेले नाहीत, तर वर्ष बुडणार होतं.

संगीत म्हणजे चाळीस सेकंदांची सारंगी. उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात तिनं ती मोबाइलवर टिपली होती.

"किसकी है?" तिनं विचारलं होतं.

"पता नहीं बेटा. बरसों से पड़ी है, कोई लेने आया ही नहीं," म्हणत दुकानदारानं सहज तिच्या तारांवर गज फिरवला होता.

पद्धत सोपी होती. श्रोत्यानं दिवाणावर बसायचं, समोरच्या खुर्चीत मोबाइल धरून अनुया. कॅमेऱ्याकडे बघत ऐकायचं, मग फॉर्मवर एका भावनेला गोल करायचा. पण सांगितलेलं ऐकतील तर ते शेजारी कसले.

पहिल्या आल्या त्या तळमजल्यावरच्या माई. सारंगी चालू असतानाच त्यांनी अनुयाच्या मागे, दाराकडे बघितलं आणि गोड हसल्या.

"माई, इकडे बघा ना."

"अगं, कोणीतरी आलंसं वाटलं."

दार बंद होतं. माईंनी 'आनंद'ला गोल केला आणि चहा मागितला.

अकरावे अवधूतकाका. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी, त्यामुळे अख्ख्या इमारतीचेही अधिकारी. त्यांनी फ्रिजवर डोळे वटारले.

"काका, तिकडे फ्रिज आहे. मी इथे आहे."

"बंद कर ते. डोकं उठलं माझं."

'राग'ला गोल करताना पेनानं कागद फाटला.

एकोणिसाव्या इंदुबाई, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून धुण्याभांड्याला येणाऱ्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पाय वर ओढले आणि अनुयाच्या खांद्याकडे बघत राहिल्या.

"आता तुम्ही पण का, इंदुबाई?"

"भ्या वाटतंय ताई... तुमी जरा पुढं सरा."

"का?"

इंदुबाई उठल्या. भांडी तशीच टाकून निघून गेल्या.

साडेचार. विसावं माणूस सापडेना. अनुयानं चरफडत एकोणीस व्हिडिओ ओळीनं लावले. एखादा खराब निघाला तर पुन्हा कोणाच्या पाया पडायचं?

खराब एकही नव्हता. फक्त प्रत्येकात बत्तिसाव्या सेकंदाला नजर हलत होती. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, सेकंद मात्र तोच. माई दाराकडे. चौथा चपलांच्या कपाटाकडे. अकरावे फ्रिजकडे. पंधरावी जेवणाच्या टेबलाकडे. इंदुबाई तिच्या खांद्याकडे.

दारापासून खुर्चीपर्यंत... एकेक पाऊल.

तिनं गर्रकन मागे वळून बघितलं. पण वर्ष बुडवायचं तर घरी सांगायचं काय? तिनं मोबाइल खुर्चीच्या पाठीला टेकवला आणि स्वतः दिवाणाच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून बसली. फॉर्मवर स्वतःचंच नाव घातलं. मॅडम रागावल्या तर रागावल्या.

सारंगीचे चाळीस सेकंद ती कॅमेऱ्याकडे टक लावून बघत राहिली. काही झालं नाही. काही वाटलंही नाही. 'काहीच नाही'ला गोल करून ती स्वतःवरच चिडली. उगाच जीव घाबराघुबरा करून घ्यायचा, ही सवयच.

खात्री करावी म्हणून तिनं हात लांबवून मोबाइल घेतला, व्हिडिओ लावला.

एकतीस सेकंद ती सरळ बघत होती. बत्तिसाव्याला तिची नजर खुर्चीच्या मागून हळूहळू उजवीकडे आली... दिवाणाच्या कडेशी थांबली. मग ती ओळखीचं हसली, आणि डावीकडे सरकून तिनं शेजारी जागा करून दिली.

आत्ताही तिचा डावा खांदा कोपऱ्यातल्या भिंतीला टेकलेला होता.

पाचाला सहा मिनिटं कमी होती. अनुयानं वीसही व्हिडिओ आणि फॉर्मचे फोटो पाठवून दिले आणि मोबाइल मांडीवर ठेवला. उठली मात्र नाही. उठायचं तर उजवीकडे बघावं लागलं असतं.