छायेचा श्वास

शर्वरी धुरीच्या छायेची पुढची सहा वर्षं चालवून पाहायला संगणकाला अकरा मिनिटं लागली.

छाया म्हणजे रुग्णाचं गणिती शरीर. रक्त, जनुकं आणि जुन्या-नव्या तपासण्यांवरून ते उभं करायचं आणि शस्त्रक्रिया केली तर काय, न केली तर काय, हे दोन्ही पाहायचं. २०७१ साली छाया काढल्याशिवाय शस्त्रक्रियेला परवानगीच मिळत नसे.

शर्वरीच्या आतड्यातला कर्करोग फुफ्फुसात उतरला होता. दोन लहान गाठी होत्या, पण खोलवर रुतलेल्या.

"काढल्या तरी साधारण सहा वर्षं, नाही काढल्या तरी तेवढीच," डॉ. इरावती पाध्ये म्हणाल्या. "गोळ्या मात्र चालू ठेवायच्या."

शर्वरीचे वडील हरिश्चंद्र शेजारीच बसले होते. "मला हाच आजार होता. तुम्हीच दोनदा फुफ्फुस कापलंत. चौदा वर्षं झाली, जिवंत आहे की मी."

त्या शस्त्रक्रियांनंतर त्यांना सनईत फुंकर मारता आली नव्हती. देवळातली पिढीजात चाकरी सुटली होती.

"तेव्हा छाया नव्हत्या," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांच्या गाठी थोड्या आणि सावकाश वाढणाऱ्या, त्यांनाच आम्ही शस्त्रक्रियेसाठी निवडायचो. अशी माणसं एरवीही जास्त जगतात. श्रेय मात्र शस्त्रक्रियेला मिळायचं."

"माझी छाया काढलीत?"

रुग्णानं विचारल्यावर लपवायचं नाही, असा कायदा होता.

"गेल्या वर्षी काढली."

"न कापलेली?"

"तीही जिवंत आहे."

"आणि दम?"

"पूर्ण आहे."

हरिश्चंद्र म्हणाले, "यंत्र चुकतंय. हिचं ऑपरेशन करा." ते उठून बाहेर गेले. दारापर्यंत जाताना त्यांना धाप लागली.

शर्वरी बसून राहिली. "तारीख द्या, डॉक्टर."

"शर्वरी, फुफ्फुसाचा मोठा भाग जाईल. बदल्यात काहीच मिळणार नाही."

"कळलंय मला."

"मग कशासाठी?"

"न कापता मी घरात हिंडत राहिले, तर बाबांना रोज दिसेल, आपण सनई उगाच गमावली ते. ते नाही सोसायचं त्यांना."

डॉक्टरांपुढे संमतीपत्र होतं. त्यात प्रश्न एकच होता: रुग्णाला सर्व परिणाम समजले आहेत का? कारण लिहायला जागा नव्हती.

त्यांनी 'होय' लिहिलं आणि पुढचा मंगळवार दिला.