ताटाची डावी बाजू

"आजबी मीठ इसरलीस," आण्णाप्पा म्हणाले.

सुगंधाने नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, कोशिंबीर. सगळं जागच्या जागी, न शिवलेलं. उजवीकडची भाजी संपली होती. भाकरीचाही उजवा अर्धाच मोडलेला होता.

आण्णाप्पांना मेंदूचा झटका आल्यापासून चार महिने हेच चाललं होतं. डोळे ठणठणीत होते. जगाला डावी बाजू असते, हे मेंदूच विसरला होता. एकदा तिने चटणी उजवीकडे वाढली, तर चाळीस वर्षं आचारी म्हणून लग्नाच्या पंगती सांभाळलेले आण्णाप्पा भडकले.

"चटणी उजवीकडं? माझ्या पंगतीत असतीस तर पहिल्याच दिवशी घरी धाडली असती तुला!"

तेही तिने हसण्यावारी नेलं. पण ती डावीकडे बसली असतानाच ते "सुगंधा, कुठं गेलीस?" म्हणून हाका मारायचे, ते मात्र सोसवत नसे.

इचलकरंजीतल्या एका बंद यंत्रमाग शेडमध्ये शर्वाणी नावाच्या तरुण प्रकाशशिल्पकाराने उजेडाची खोली मांडली होती. डॉक्टरांनीच तिकडे धाडलं. खोली दहा दिवसांनी उतरवली जाणार होती.

"मावशी, या खोलीला कोपरे नाहीत, कडा नाहीत," शर्वाणीने सांगितलं. "कडा दिसली नाही की समोर म्हणजे नेमकं कुठे, ते मेंदूला कळत नाही. मग तो उजेडाच्या मागे जातो. मी उजेड डावीकडे सरकवते, तासकाट्याइतक्या संथ चालीने. काकांना वाटणार, आपण सरळच बघतोय."

"बाहेर आल्यावर टिकंल?"

"ते मलाही माहीत नाही."

नऊ दिवस आण्णाप्पा रोज तासभर त्या उजेडात बसले. "झ्याक हाय, पण बसायला पाट न्हाई," एवढंच म्हणाले.

दहाव्या दिवशी सुगंधाने डबा आणला, तिथेच ताट वाढलं, रीतीप्रमाणे, आणि त्यांच्या डावीकडे बसली. केशरी उजेड निवत निवत कोवळा निळा झाला. आण्णाप्पांचा हात भाजीवरून भाकरीवर गेला, तिथे घुटमळला, मग आणखी पुढे सरकला. ते चावता चावता थांबले.

"शेंगदाणे करपल्यात."

खरंच करपले होते. चार महिने कुणी चटणी चाखतच नव्हतं, म्हणून तीही भाजताना बेफिकीर झाली होती. तिला हसू आवरेना.

त्या हसण्याच्या दिशेने आण्णाप्पांनी मान वळवली. "आणि तू हितं कवापास्नं बसलीयास?"

"चार महिने झाले!"

शर्वाणीने दिवे मालवले, शेडचं दार उघडलं. बाहेर दुपारचं साधं, रोजचं ऊन होतं. सुगंधा मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला राहिली.

आण्णाप्पा उंबऱ्यावर थबकले. सवयीने उजवीकडे पाहिलं. मग हळूच, डब्याचं झाकण उघडावं तसे, डावीकडे वळले; तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं.

"सुगंधा," ते म्हणाले, "तिकडं आणखी काय काय हाय गं?"