निमुळत्या टोकावरचा ठोका

होड्यांची शर्यत सुरू करणारी तोफ उडाली आणि तोफवाला मामा जागच्या जागी आडवा झाला.

तोफ केवढीशी! जुन्या जहाजाच्या कठड्यावरची, खुंट्यावर चौफेर फिरणारी. चढून येणाऱ्या शत्रूवर वळवायची, वेळ पडली तर आपल्याच बिथरलेल्या खलाशांवरही. मागच्या खोबणीत बारूद भरलेलं नळकांडं बसवायचं आणि त्यामागे लोखंडी पाचर आडवी ठोकायची. पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून पाचरीवर ताडपत्री ओढून ठेवायची. पाचर नसली तर नळकांडं मागे सुटतं. ते सुटलं, ते थेट मामाच्या छातीवर.

पाचर त्याच्या खिशात सापडली.

“म्हातारा ठोकायलाच विसरला,” फौजदार म्हणाला आणि तसं वहीत लिहिलं. धक्क्यावरच्यांनी माना डोलावल्या. तीस वर्षांच्या नावलौकिकावर एका शब्दात पाणी पडलं.

मामाची थोरली बहीण, आक्का, ऐकत उभी होती. नवरा गेल्यावर तिला आणि तिच्या मुलाला याच भावाने घरात घेतलं होतं. दर शर्यतीआधी पाचर घासून, मेण लावून तीच देई. कालही दिली होती. तिने ती मागून घेतली आणि उन्हात फिरवून पाहिली. मग मुलाकडे वळली. चाळिशीचा तो, मामाचा मदतनीस. पण पुढच्या वर्षापासून तोफ दुसऱ्याच्या हाती जायची होती, हे मामाने चारचौघांत सांगून टाकलं होतं.

“मामा निशाण बघायला गेला, तेव्हा तोफेपाशी कोण होतं?”

“मीच. पण ताडपत्रीला हातसुद्धा लावला नाही, आई.”

“पडल्यावर त्याला कोणी धरलं?”

“मीच की. दुसरं कोणी पुढे येईना.”

आक्काने पाचर फौजदारापुढे धरली.

“जाड टोकावर ताजा ठोका आहे. म्हणजे त्याने ती बसवली होती. निमुळत्या टोकावरही ताजा ठोका. तिथे मारतात ते पाचर काढायला, बार झाल्यावर. तोवर ती काजळीने काळी झालेली असते. हिच्यावर माझं मेण तसंच आहे. बार होण्याआधीच कोणी तरी काढली, वरून ताडपत्री ओढली आणि मामा पडल्यावर त्याच्या खिशात सारली. त्याला धरायला एकटाच गेला होता.”



“वीस वर्षं बारूद मी भरली,” मुलगा म्हणाला. “आणि तोफ परक्याला. तुला मात्र भाऊच दिसला.”

“तुझ्या हाताला लागू नये म्हणून कडा घासत होते रे मी,” आक्का म्हणाली. “घासल्या नसत्या, तर ठोके दिसले नसते.”

फौजदाराने वहीतला ‘विसरला’ खोडला. तिला तेवढंच हवं होतं.