निहारचं बाळसं

निहारच्या पायावर अंगठा दाबला की तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्याच्या मोठ्या बहिणीच्या, शाल्मलीच्या, हे लक्षात आलं ते त्याचे मोजे काढताना. घोट्याभोवती खोल वळ उमटले होते, आणि ते पुसावेत म्हणून तिने पाय चोळला तर बोटं आत रुतली.

तिला कोडं पडलं. निहार दीड वर्षाचा. गेल्या काही आठवड्यांत त्याचं वजन वाढत होतं, गाल गोबरे झाले होते. शेजारच्या बायका म्हणायच्या, "छान बाळसं धरलंय हो." अंगणवाडीतलं बोलकं वजनयंत्रही दर वेळी हिरवा दिवा लावून सांगायचं, "वजनात वाढ आहे. बाळाची प्रगती उत्तम." आणि तरी, धरून धरून चालायला लागलेला हा मुलगा आता नुसता बसून राहायचा. खेळणं पुढे केलं तरी हात उचलत नसे. वाढणारं मूल दिवसेंदिवस दुबळं कसं होईल?

"दात येत असतील," आई म्हणाली. पण म्हणताना तिने निहारकडे पाहिलं नाही. बाबा रत्नागिरीपुढे भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते, त्यांना एवढ्यात सुट्टी मिळणार नव्हती.

विचारावं असं घरात एकच माणूस होतं. शाल्मलीचे आजोबा, आबा, आयुष्यभर जनावरांचे डॉक्टर होते. पण आबा आताशा कुणाशी बोलत नसत.

तीन वर्षांपूर्वी रवंथ करणाऱ्या जनावरांमध्ये एक नवा ताप आला होता. गाई, म्हशी, शेळ्या, कुणालाच त्याने सोडलं नाही. आबा गावोगाव फिरले. लस तयार होईपर्यंत तालुक्यातले गोठे ओस पडले होते, आणि साथ पसरू नये म्हणून उरलेल्या जनावरांना शेवटचं इंजेक्शन द्यायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं. त्यानंतर त्यांनी औषधांची बॅग माळ्यावर टाकली. सगळीकडे हेच घडलं, आणि दूध बंद झालं. ड्रोनने दुकानात पांढरे पुडे येऊ लागले. तांदळाचं दूध, बदामाचं, नारळाचं, ओटचं, सोयाचं. तांदळाचं गोड असायचं. निहारला तेच आवडायचं, म्हणून आई दिवसभर त्याची बाटली भरायची.

आबा रिकाम्या गोठ्यात गव्हाणीच्या कडेवर बसले होते. शाल्मली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, निहारच्या पायाला खळगा पडतोय. दाबलं की."

"डॉक्टरकडे न्या."

"तुम्ही डॉक्टरच आहात की."

"जनावरांचा होतो. जनावरं राहिली नाहीत."

ती तिथून हलली नाही. तिने विचारलं, "एखाद्या वासराच्या पायाला असा खळगा पडला असता, तर तुम्ही मालकाला काय विचारलं असतं?"

आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

त्यांनी निहारला मांडीवर घेतलं. पाय दाबून पाहिला. केस बाजूला सारले, तर मुळाशी ते तांबूस, विरळ झाले होते. मांडीवरची कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती. निहारने ना हात झटकला, ना तोंड वेडंवाकडं केलं.

"सुलभा, हा खातो काय?" त्यांनी आईला विचारलं.

"दूधच पितो, आबा. चार-पाच बाटल्या. जेवायला बसवलं की तोंड फिरवतो. पण वजन वाढतंय ना, म्हणून मी म्हटलं..."

"तांदळाचंच?"

आईने होकारार्थी मान हलवली. आबांनी शाल्मलीला दुकानातून सोयाच्या दुधाचा एक पुडा आणायला सांगितलं. दोन पातेल्यांत दोन्ही दुधं गरम केली आणि दोन्हींत लिंबू पिळलं. सोयाच्या पातेल्यात दूध फाटलं, पांढऱ्या गुठळ्या वर आल्या. तांदळाचं होतं तसंच राहिलं, पांढरं पाणी.

"या गुठळ्या म्हणजे प्रथिनं (शरीर बांधणारे घटक)," आबा म्हणाले. किती दिवसांनी ते एवढं सलग बोलत होते. "आंबट पडलं की ती एकमेकांना चिकटतात. तांदळाच्या दुधात चिकटायला जवळजवळ काही नाहीच. त्यात आहे पिष्ट आणि साखर. त्याने पोट भरतं, पण मूल बांधलं जात नाही."

"मग वजन कसं वाढलं?" शाल्मलीने विचारलं.

"आपल्या रक्तात अल्ब्युमिन (पाण्याला रक्तात धरून ठेवणारं प्रथिन) असतं. खाण्यातून प्रथिनं आली नाहीत की ते कमी पडतं. मग रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपून अंगात साचतं. पायात, गालांत. अंगणवाडीतल्या यंत्राने ते पाणी मोजलं. हे बाळसं नाही, पोरी. ही सूज आहे."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "मी त्याला उपाशी नाही हो ठेवलं, आबा."

"नाही ठेवलंस. त्याचं पोट भरलेलंच होतं. म्हणून तर त्याने जेवण मागितलं नाही." आबांनी निहारला उचललं. "चला. हे घरी बरं होणार नाही."

जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉ. फरीदा मुल्लांनी निहारला बघितलं आणि लगेच आत घेतलं. मुलांच्या त्या वॉर्डात शाल्मलीला असेच गोबऱ्या गालांचे, गप्प चेहरे दिसले. ओळीने सगळ्या खाटांवर. एकही मूल रडत नव्हतं.

तिला वाटलं होतं, आता डॉक्टर भरपूर प्रथिनं देतील आणि निहार चार दिवसांत उठेल. तसं झालं नाही. थेंबाथेंबाने, मोजून, थोडं थोडं अन्न दिलं जात होतं.

"एवढ्या थकलेल्या शरीरावर एकदम अन्न ओतलं तर हृदयावर ताण येतो," डॉ. फरीदांनी तिला समजावलं. "म्हणून हळू जायचं. आणि कधीकधी हळू जाऊनही उशीर झालेला असतो."

त्याचा अर्थ शाल्मलीला दुसऱ्या दिवशी कळला. शेजारच्या खाटेवर पूर्वा नावाची मुलगी होती, निहारच्याच वयाची. सकाळी ती खाट मोकळी होती. पूर्वाची आई जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "तिचं वजन वाढत होतं हो. दर आठवड्याला वाढत होतं." आबा तिच्याजवळ जाऊन बसले.

निहार वाचला. पण सूज उतरली तेव्हा खाली उरला तो काडीसारखा मुलगा. बरगड्या मोजता याव्यात असा. आईने त्याला उचललं आणि ती रडायला लागली. "हा तर आधीपेक्षा वाईट दिसतोय."

"हे त्याचं खरं वजन," आबा हळूच म्हणाले. "आता इथून वर जायचंय."

निघताना डॉ. फरीदांनी आईला आणि शाल्मलीला समोर बसवलं. दूध कोणतं घ्यायचं, असं आईने विचारलं होतं.

"वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं एकही दूध आईच्या दुधाऐवजी चालत नाही," त्या म्हणाल्या. "आईचं दूध, ते नसेल तर आम्ही सांगू ते तान्ह्या बाळांचं खास दूध. वर्ष झाल्यावर सोयाचं चालतं, कारण प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात. वाटाण्याचंही चालतं. फक्त सोया सोसतं की नाही, अंगावर पुरळ उठत नाही ना, ते बघायचं. निहारला सोसतंय."

"मग घरीच सोयाबीन दळून केलं तर?" शाल्मलीने विचारलं.

"प्रथिनं मिळतील. पण कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वं, आयोडीन ही त्यात पुरेशी नसतात, वरून घालावी लागतात. म्हणून पुड्यावर पोषकयुक्त (वरून पोषक घटक घातलेलं) आणि बिनसाखरेचं असं लिहिलंय का ते वाचायचं. ओटचं सोयापेक्षा बरंच हलकं. बदामाचं, नारळाचं, तांदळाचं, यांच्यावर मूल वाढवायचं नाही. आणि दूध कुठलंही असो, दिवसाला दोन कप पुरे. बाकी भूक वरणभाताला, उसळीला, अंड्याला राहू दे."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सोयाबीनची शेतं होती. तेलगिरणीच्या आवारात तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीचे ढीग काळे पडून कुजत होते. पूर्वी ती पेंड गोठ्यांत जायची. आता घ्यायला कुणी नव्हतं.

शाल्मली त्या ढिगांकडे बघत राहिली. "आबा, म्हणजे गाई हेच खाऊन दूध द्यायच्या?"

"हेच, आणि चारा. या पेंडीत प्रथिनं ठासून भरलेली असतात."

"मग सगळं इथंच होतं. आणि आपण पोरांना पांढरं पाणी पाजत होतो."

"गाय मधे होती," आबा म्हणाले. "ती आपल्यासाठी हे काम करायची, म्हणून ते काम काय आहे हे कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा."

पुढच्या आठवड्यात ते बंद पडलेल्या दूध डेअरीत गेले. तिथल्या टाक्यांत ताज्या सोयाबीनचं दूध उकळता येईल का, त्यात जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेकडून जीवनसत्त्वं घालून घेता येतील का, असं त्यांनी व्यवस्थापकांना विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, विचारून बघू. गाई कधी परत येतील, हेही त्यांनी आबांना विचारलं. "गोठवलेले भ्रूण (जन्माआधीचे अगदी सुरुवातीचे जीव) शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेत," आबा म्हणाले. "येतील कदाचित. माझ्या हयातीत नाही. तोवर ही पोरं जगली पाहिजेत."

निहार अजून उभा राहत नव्हता. पण वरणभाताचा घास तोंडाशी आला की तो तोंड उघडायचा.

डेअरीतून परतल्यावर त्याच दुपारी आबा आणि शाल्मली गावात निघाले, दोन वर्षांच्या आतलं मूल आहे त्या प्रत्येक घरी. काहींनी ऐकून घेतलं. एकीने फोनवर वजनयंत्राच्या हिरव्या दिव्याचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "आमचं छान चाललंय." एका घराचं दार आतून बंद होतं. हाक मारली तरी कुणी आलं नाही. आत मूल आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

आबांनी पुन्हा कडी वाजवली.