मांजर कशाने मेलं?

“साहेब, तुम्ही आळशी आहात. तुमच्या आळसाने एक खून पचवला.”

चौकीतल्या खटखटणाऱ्या टाइपरायटरने एकदम श्वास रोखला. बोलणारा कुणी वकील नव्हता. लोकांना सुट्टीची घरं घेण्याआधी तपासून देणारा म्हातारा होता. भिंती बोटांनी ठोकून बघायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत.

साहेबांनी चष्मा काढला. “दार आतून बंद होतं हो, आजोबा. म्हातारा माणूस, झोपेत गेला. फाइल बंद झाली.”

“दाराबरोबर तुमचे डोळेही बंद झाले. आता ऐका.”

काल सकाळी ठोक्या तळ्याकाठच्या त्या लाकडी घरात गेला होता, एका सिस्टरसाठी. सिस्टर म्हणजे नुकतीच निवृत्त झालेली नर्स. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी बसून काढली, आता तिला स्वतःची एक खिडकी हवी होती. संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या.

घर विकत होता मेलेल्या मालकाचा भाचा. थंडी सरली तशी त्याला घाई सुटली होती.

“मामांचं काहीएक हलवलेलं नाही,” तो म्हणाला. “कुलूप उघडा आणि राहा.”

“मामा एकटेच राहायचे?” ठोक्याने विचारलं.

“ते आणि त्यांचं मांजर. पाचव्या दिवशी टपालवाल्याला शंका आली, दार फोडलं, तेव्हा कळलं.”

सिस्टर उंबऱ्यावरच थबकली. “ठोक्याभाऊ, मी इथे गेले तर कितव्या दिवशी कळेल? तेही तपासता का तुम्ही?”

ठोक्याने दाराची चौकट ठोकून पाहिली. त्याच्या घरी तर टपालही येत नव्हतं.

“रंग बघू नका, सिस्टर,” तो म्हणाला. “रंग काय, कुणीही फासतो. वारा कुठून शिरतो, धूर कुठून जातो, पाणी कुठून येतं, एवढं बघा.”

वारा कुठूनच शिरत नव्हता. खिडक्यांच्या फटींत, दाराखाली, सगळीकडे रबरी पट्ट्या ठासलेल्या.

“मीच बसवल्या,” भाचा म्हणाला. “मामांना थंडी सोसायची नाही.”

दाराखालची पट्टी मात्र आतून ओरबाडलेली होती. लाकडावर नखांचे बारीक चरे.

“मांजराचं काय झालं?”

“तेही गेलं. तिथेच, दाराशी. मामांच्या मागे त्याला खायला कोण घालणार? उपाशी मेलं बिचारं.”

ठोक्याने कोपऱ्यात पाहिलं. मांजराच्या खाण्याची पिशवी जमिनीवर उभी होती. तोंड उघडं. जवळजवळ भरलेली. 

“छपरावर इतक्यात कुणी चढलं होतं?”

“छे हो! मामांचे गुडघे गेलेले, आणि मला उंचीची भीती.”

ठोक्या शिडी लावून वर गेला. कौलांवर जाड हिरवं शेवाळ होतं. फक्त वळचणीपासून धुराड्यापर्यंत एक पट्टा खरवडलेला, माणसाच्या ढोपरांएवढा रुंद. धुराड्याचं लोखंडी तोंड काजळीने चिकट झालं होतं. त्याने खिशातली दोरी त्यावर ताणून गाठ मारली. टेपवर त्याचा भरवसा नव्हता. सगळी मापं तो गाठींनीच घ्यायचा.

राहिलं पाणी. मागच्या आडावर पत्र्याचं झाकण होतं.

“हे नवं बरं का,” भाचा फुशारकीने म्हणाला. “दुकानातून आणला तो पत्रा थेट इथेच बसवला. मध्ये कुठे वापरला नाही.”

ठोक्याने पत्रा उलटा केला. खालच्या बाजूला बांगडीसारखं काळं कडं उमटलं होतं. त्याने दोरी धरली. धुराड्याच्या मापाची गाठ बरोब्बर कड्याच्या काठावर आली.

“सिस्टर, सही करू नका.”

“पाणी खराब आहे?”

“पाणी चांगलंय. माणूस खराब आहे.”

भाचा हसला. ते हसू ओठांवरच वाळलं.

“आडात धूर नसतो रे बाबा,” ठोक्या म्हणाला. “मग तुझ्या कोऱ्या पत्र्याला ही काजळी कुठली? आधी तू फटी बुजवल्यास. मग धुराड्याखालच्या शेगडीत नुसते निखारे उरले, मामा कडी लावून झोपले, तेव्हा वर चढून हा पत्रा धुराड्यावर ठेवलास. निखाऱ्यांच्या विषारी हवेला वास नसतो. दार उघडायची गरजच नव्हती तुला. नंतर येऊन पत्रा काढलास आणि आडावर टाकलास, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कोण बघतंय!”

“पुरावा काय? म्हातारं माणूस मरतंच.”

“मांजर म्हातारं नव्हतं. भरलेल्या पिशवीशेजारी मांजर उपाशी मरत नाही. ते दाराखालून हवा शोधत होतं.”

“मामा घर विकायला तयारच नव्हते!” भाचा ओरडला. “इथे एकटं कुढत बसायचं... त्यांना त्रास नाही झाला. झोपेतच...”

त्याने जीभ चावली. पण सिस्टरने ऐकलं होतं.

आता ती चौकीत ठोक्याच्या मागे उभी होती. पत्रा टेबलावर होता.

“मी साक्ष देते,” ती म्हणाली. “अशी माणसं खूप पाहिलीत, साहेब. भेटीच्या वेळेत ज्यांच्याकडे कुणी येत नाही, त्यांच्या मरणाला कुणी काही विचारत नाही.”

साहेब पत्र्याकडे बघत होते. “फाइल उघडायची तर वरून परवानगी लागते.”

“बंद करताना लागली होती?” ठोक्याने विचारलं.

साहेबांनी चष्मा परत चढवला.

ठोक्याने बाकडं पुढे ओढलं आणि बसला. त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. वेळ भरपूर होता.

“तुमच्या कागदात दाराची कडी आहे. टपालवाला आहे. खोलीत दोन जीव मेले होते, साहेब, तुम्ही एकच लिहिलात. मी उठणार नाही. सांगा, मांजर कशाने मेलं?”